चार पायांचा डोंगा

लटारू जातीनं ढिवर होता आणि पाण्याला भीत होता.

यात त्याचा फारसा दोष नव्हता. तो रांगत होता तेव्हाच त्याच्या बापानं मासे धरायचं जाळं खुंटीला टांगलं आणि घुग्घुसला कोळशाच्या खाणीत जाऊन फावडं हातात घेतलं. पुढं लटारूनंही तेच फावडं धरलं. खाणीत पाण्याबद्दल एकच शिकवण असते. पाणी दिसलं की पळायचं. आधी पळायचं, मग ओरडायचं, आणि वर आल्यावर खरंच पाणी होतं की कोणाचा लोटा लवंडला होता, ते विचारायचं. लटारूनं ही शिकवण मनावर घेतली. बाप गेल्यावर तो खाण सोडून पोंभुर्ण्याकडं काकाच्या धानाच्या बांधीवर राहायला आला, तरी आंघोळीला बसताना तो दाराकडं तोंड करूनच बसायचा.

असा माणूस चिचघाटचा जावई झाला. चिचघाट म्हणजे वैनगंगेच्या काठावरची ढिवरांची वस्ती. तिथल्या कोंबड्यासुद्धा डोंग्यात अंडी घालतात. पोरगा आपल्यातलाच आहे, धडधाकट आहे, दंड चांगले आहेत, एवढं पाहून सुगंधाबाईनं आपली लेक कमळा त्याला दिली. दंड कोळशानं झालेत की वल्ह्यानं, हे लग्नात कोणी विचारत नाही.

चिचघाटचा एक रिवाज होता. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला लेक माहेरी यायची. तिला परत न्यायला जावयानं स्वतःचा डोंगा, म्हणजे लाकडाची कोरीव होडी, घेऊन, एकट्यानं, वस्तीसमोरचा डोह पार करून यायचं. घाटाला डोंगा टेकेपर्यंत त्यातून उतरायचं नाही. जाताना बायकोला समोर बसवून तसंच परत जायचं. मधे कुठं जावई पाण्यात पडला किंवा भिऊन उडी मारून मोकळा झाला, तर लेक पुढल्या होळीपर्यंत माहेरीच. उन्हाळ्यात घाटापासून थोडं वर गेलं की नदी गुडघाभर असते. बैलबंड्या, शेळ्या, पाहुणे, पोलीसपाटील सगळे तिथूनच ये-जा करतात. पण जावयानं मात्र डोहातूनच यायचं. त्या डोहाला तळ आहे ही गोष्ट चिचघाटात कोणी मान्य करत नसे.

देशातली पहिली निवडणूक झाली, त्याच्या पुढल्या सालची ही होळी. लटारू कमळाला माहेरी पोचवायला आला तो गुडघाभर पाण्यातून, बैलाची शेपटी धरून आणि डोळे मिटून. सुगंधाबाईनं ते घाटावरून पाहिलं. सकाळी जावई नदीवर न जाता तांब्याभर पाण्यानं परसात आंघोळ करतो हेही तिनं पाहिलं. मग बोलली.

"जवाईबापू, आखाजीच्या आंदी न्याले या हो. डोंग्यानं या."

"वरून वाट हाये ना मामी, गुडघाभर पान्याची…"

"थे शेळ्याइची वाट होय," सुगंधाबाई म्हणाली.

निघताना कमळा कुंपणापाशी उभी होती. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "येसान ना?"

"येतो ना."

"डोंग्यानं?"

लटारू वाकून पायात नसलेला काटा शोधू लागला.

"माय ऐकत नाई कोनाचं. तुमी पान्यात पडले तं मले वर्षभर इथी ठेवन, मासोळ्या वाळवाले. मले तुमच्या घरी करमते. समजलं का?"

लटारूला समजलं. त्या दिवसापासून त्याची झोप गेली. डोळा लागला की डोह दिसायचा, आणि डोहापलीकडं वर्षभर वाळत घातलेल्या मासोळ्या.

*

डोंगा निवडायला त्यानं मनसारामला बरोबर घेतलं. मनसाराम बंडीवाला. डोंग्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण बैलातलं सगळं कळायचं, आणि ज्याला एका गोष्टीतलं कळतं त्याला दुसऱ्या गोष्टीतलं विचारायची आपल्याकडं पद्धत आहे. शिवाय मनसारामला भीती म्हणून माहीत नव्हती. त्यानं एकदा अस्वलाचा कान धरून त्याला नाल्यापलीकडं नेऊन सोडलं होतं. ही हकीकत त्यानं स्वतः सांगितली होती, म्हणजे शंकेला जागाच नाही.

दोघं जंगलातल्या जांभूळबोडीला पोचूकडं गेले. पोचू तिथल्या तलावावरचा जुना मासेवाला. त्याच्याकडं डोंगे असत.

"पोचूभाऊ, डोंगा पायजे," मनसाराम म्हणाला.

"कोनासाठी?"

"याच्यासाठी. नवशिका हाये. म्हून शांत पायजे. अंगावर येनारा नको, बिचकनारा नको."

पोचू त्यांना तलावाच्या काठावर घेऊन गेला. काठावर खुंट्या ठोकलेल्या होत्या, खुंट्यांना दोर होते आणि दोर पाण्यात गेले होते. बाकी काहीच नव्हतं.

"पाहा. घ्या निवडून."

"कुठी हायेत?"

"खाली."

पोचूनं एक दोर ओढला. पाण्यातून एक काळं लांबट नाक वर आलं, त्यानं गुळणी टाकली आणि परत खाली गेलं.

लटारू दोन पावलं मागं सरला. "बुडलेला हाये हा."

"बुडवलेला हाये."

"सारेच?"

"सारेच. चैताचं ऊन हाये. वर ठेवला तं तडकते. पान्यात ठेवला तं लाकूड फुगून राह्यते, फट पडत नाई. ज्याले डोंग्याची कदर हाये थो उन्हाळ्यात बुडवूनच ठेवते."

लटारूनं हे सगळं ऐकलं. त्याला पटलंही. पण पटणं ही डोक्याची गोष्ट आणि भीती पोटाची, आणि त्या वेळी निर्णय पोटाकडं होता. जो डोंगा महिनाभर तळाशी जाऊन बसला आहे, त्याला तळाची वाट पाठ झालेली असणार. मधेच सवयीनं खाली गेला तर?

तेवढ्यात त्याला आंब्याखाली एक डोंगा दिसला. कोरडा. चांगला रुंद, बुडाला सपाट, सावरीच्या लाकडाचा. जवळ गेला तर मासोळीचा वास नाही. गोड, झिंग आणणारा वास.

"हा?"

"त्याले मी पान्यात टाकतच नाई," पोचू म्हणाला. "त्यात मोहफुलं ठेवतो. नाई तं पोट्टे झोपतात."

"हा बुडला होता का कधी?"

"पान्यात गेलाच नाई तं बुडन कसा?"

"हाच द्या," लटारू म्हणाला.

मनसारामनं मग रीतसर पारख केली. डोंग्याभोवती एक फेरी मारली, पुट्ठ्यावर थापटल्यासारखं मागं थापटलं, वाकून पुढून तोंड पाहिलं. "मांडी घालून बस," म्हणाला. लटारू आत बसला. मांडी बसली, दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली. मनसारामनं डोंगा जरा हलवला. लटारूनं दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि डोळे मिटले.

"अबे, जमिनीवर हायेस."

"माहीत हाये. थांबव."

"शांत हाये जनावर," मनसाराम पोचूला म्हणाला. "मानूसच बिचकते."

*

उन्हाच्या आधी नदीवर पोचावं म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडतानाच निघायचं ठरलं. चैतात मोहाची फुलं पहाटे गळतात, आणि उन्हाच्या आधी ती खावीत असं अस्वलांचंही ठरलेलं असतं. ते मनसारामला माहीत होतं. पण ज्याच्या हातात अस्वलाचा कान येऊन गेला आहे, त्यानं वेळ कशाला पाहायची?

डोंगा बंडीवर पालथा घातला. पहिल्यांदा मागं जास्त गेला, बंडी उलाळ झाली, जू वर उचललं गेलं आणि बैल नुसते मान ताणून आकाशाकडं पाहू लागले. पुढं सरकवला तर सगळा भार बैलांच्या मानेवर. शेवटी मधोमध बेतून दोरानं करकचून बांधला. वल्हं आतल्या बाजूला, आडव्या फळीला बांधलं. डोंग्याचं तोंड बैलांच्या डोक्यावर छपरासारखं आलं. बैलांना ते आवडलं नाही. ते सारखे मान वाकडी करून वर पाहत होते.

जंगलात शिरल्यावर लटारू बंडीच्या अगदी जवळून चालू लागला.

"मनसारामभाऊ, इथी अस्वल असते का?"

"असते ना."

"आलं तं?"

"आलं तं मले सांग."

पुढं मोहाची झाडं लागली. फुलं नीट दिसावीत म्हणून वेचणाऱ्यांनी झाडांखालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी करून ठेवली होती. त्या काळ्या जमिनीवर फुलं पिवळट पांढरी पडली होती. वेचणारं मात्र कोणी नव्हतं. एरवी या वेळी बायकांच्या हाका, टोपल्या, पोरांचं रडणं, सगळं असतं. आज पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

बैल थांबले. कान उभे केले. त्यांच्या अंगावरचं कातडं थरथरलं.

एका झाडाखाली जी काळी जमीन होती, तिच्यातला एक तुकडा उठून उभा राहिला.

"मनसारामभाऊ," लटारू म्हणाला, "आलं."

पुढं काय झालं ते दोघांनीही नंतर वेगवेगळं सांगितलं. नक्की एवढंच, की बैल उजवीकडं उधळले, बंडी उलाळ झाली, दोर तुटला आणि डोंगा मागं घसरून पालथाच्या पालथा जमिनीवर पडला. लटारू वाकून त्याखाली शिरला तेव्हा मनसाराम आधीच आत होता.

आत अंधार होता आणि मोहाचा वास. दोघं पोटावर पडून, नाकाला नाक लावून होते. डोंगा रुंद होता म्हणून दोघं मावले. चिंचोळा असता तर एकाला बाहेर राहावं लागलं असतं, आणि तो कोण, यावर चर्चा करायला वेळ नव्हता.

"कान धर ना त्याचा," लटारू कुजबुजला.

"चूप बस."

बाहेर पावलं वाजली. जड, सावकाश, फतक फतक. मग भुर्रर्र करून हवा ओढल्याचा आवाज. लटारूनं वर पाहिलं. डोंग्याच्या बुडाला, म्हणजे आता त्यांच्या डोक्यावर, एक लांब फट होती. तीतून उजेडाची रेघ आत येत होती. लटारूच्या मनात दोन भीती एकदम आल्या. पहिली, बाहेर अस्वल आहे. दुसरी, या फटीतून जर उजेड येतो तर पाणीही येईल. दुसरीचा नीट विचार करणार, तोच उजेड गेला. फटीवर एक ओलं काळं नाक टेकलं होतं.

नाकानं आत हवा ओढली. लटारूच्या डोक्यावरचे केस वर ओढले गेल्यासारखे झाले.

"हे मोहासाठी आलं," मनसाराम पुटपुटला. "तू मोहाचं भांडं उचलून आनलं बे! साऱ्या जंगलातून वास पसरवत!"

"तूच म्हनला, शांत हाये!"

"डोंगा शांत हाये!"

नखं लाकडावर ओढली गेली. कर्र. एकदा, मग पुन्हा. मग एका बाजूची कड जराशी उचलली गेली आणि त्या फटीतून पाच लांब, वाकडी, मातीनं भरलेली नखं आत आली. ती लटारूच्या गुडघ्यापाशी जमीन चाचपू लागली, परात चाचपावी तशी. लटारूला ओरडायचं होतं. खाणीत ओरडण्याआधी पळायचं असतं, आणि इथं पळायला जागा नव्हती, त्यामुळं ओरडणंही राहून गेलं. त्याच्या डोळ्यांपुढं कमळा आली. ती घाटावर उभी आहे, आणि कोणी तरी तिला सांगतं आहे, तुझा नवरा पाण्यात बुडाला नाही, पाण्यापर्यंत आलाच नाही.

डोंग्याच्या नाकाडाशी वाळलेल्या मोहफुलांचा थर चिकटलेला होता. लटारूनं मूठभर खरवडलं आणि त्या नखांकडं सरकवलं. नखं थांबली. मग फुलं घेऊन बाहेर गेली. बाहेर चोखल्याचा, मिटक्यांचा आवाज झाला.

नखं परत आली.

लटारूनं आणखी एक मूठ दिली. मग आणखी. देवळात बसून प्रसाद वाटावा तसा तो वाटत होता, फक्त त्याचे दात वाजत होते. फुलं कमी होत गेली. शेवटची मूठ हातात आली तेव्हा त्यानं मनसारामकडं पाहिलं. मनसारामनं डोळे मिटून घेतले होते. लटारूनं ती मूठही दिली.

चोखल्याचा आवाज झाला. मग काहीच आवाज झाला नाही. नखं आली नाहीत, नाक आलं नाही. पावलंही वाजली नाहीत. हे सगळ्यात वाईट होतं.

"गेलं का?"

"पाह्यतो कोन?"

कोणीच पाहिलं नाही. बराच वेळ गेला. डोंग्याखाली भट्टीसारखं तापलं.

"बसलं असन समोर," मनसाराम म्हणाला. "अस्वल वाट पाह्यते. मले माहीत हाये त्याइची रीत."

"मंग?"

"डोंग्यातून बाहेर निघाचं नाई. डोंगा घेऊनच जाऊ."

आणि तसंच केलं. दोघं गुडघ्यावर आले, मग वाकून उभे राहिले, डोंगा डोक्यावर घेतला. पुढं लटारू, मागं मनसाराम. कडा कमरेपर्यंत आल्या होत्या. दिसत होती फक्त पायाखालची बंडीवाट. चाक रुतल्याची खूण धरून दोघं चालू लागले. सावरीचं लाकूड हलकं असतं असं म्हणतात. ते किती हलकं, हे त्या दिवशी दोघांनाही कळलं नाही. वजन जाणवायला माणसाला थोडी तरी निवांती लागते.

थोडं चालले असतील, तेव्हा मागं पावलं वाजली, आणि पुन्हा ती नखांसारखी कर्रकर्र.

"ऐकलं?" लटारू म्हणाला.

"चाल."

ते भराभर चालू लागले. मागची पावलंही भराभर वाजू लागली. ते थांबले. पावलं थांबली. फुर्र करून कोणी तरी नाकातून हवा सोडली.

"एक नाई हो भाऊ," लटारू रडकुंडीला आला. "दोन हायेत. चार पायाइपक्षा जास्त पाय वाजून राह्यले."

"पळ!"

*

त्या सकाळी चिचघाटच्या लोकांनी पलीकडच्या काठावर जे पाहिलं, ते त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. जंगलातून एक डोंगा चार पायांवर पळत आला. त्याच्या मागं, नेहमीच्या मालकाला शोधत आलेले दोन बैल आणि रिकामी बंडी दुडक्या चालीनं धावत होती. डोंगा रेतीच्या उतारावरून खाली आला, पाय पाण्यात पडताच सुलटा झाला, आणि त्याखालून दोन माणसं निघाली. मागं वळून पाहायची हिंमत दोघांत नव्हती. लटारूला एवढंच कळत होतं की मागं दोन अस्वलं आहेत आणि पुढं एक डोंगा. तो डोंग्यात चढला. मनसारामनं सगळं अंग लावून डोंगा ढकलला आणि स्वतः गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. तिथून मग त्यानं मागं पाहिलं.

"लटारू! बैल होत बे! आपलेच बैल!"

लटारूनं ते नीट ऐकलं. पण डोंगा एव्हाना डोहात आला होता. पुढं जाणं त्याला येत नव्हतं, तसं मागं जाणंही येत नव्हतं. आजूबाजूला हिरवं-काळं, गप्प पाणी होतं. समोर घाटावर माणसं गोळा झाली होती. मधे हिरवं लुगडं होतं. ती कमळा.

त्यानं वल्हं सोडवलं आणि चालवलं. आयुष्यात त्यानं एकच गोष्ट चालवली होती, फावडं. खाली खुपसायचं, उचलायचं, खांद्यावरून मागं टाकायचं. तसंच त्यानं केलं. डोंगा पुढं सरकत होता, पण दर वल्ह्यामागं उचललेलं पाणी खांद्यावरून डोंग्यात पडत होतं. आणि खालची फट, जिच्याबद्दल नीट विचार करायचा राहून गेला होता, ती आता आपण होऊन बोलू लागली. पाणी आधी घोट्याला लागलं. मग मांडीला.

"खुपस, उचल, टाक," तो मोठमोठ्यानं स्वतःला सांगत होता. उडी मारावी असं त्याच्या अंगातला कण न् कण म्हणत होता. पण उडी मारायला उठावं लागतं, आणि त्याचे पाय उठत नव्हते. जो माणूस भीतीनं पळाला असता, तो जास्त भीतीनं बसून राहिला.

घाट जवळ आला. पाणी कमरेला लागलं. डोंग्याच्या कडा पाण्याच्या सपाटीला आल्या, मग दिसेनाशा झाल्या. शेवटचे काही हात तर नुसता लटारूच येताना दिसत होता, छातीपर्यंत पाण्यात, मांडी घातलेला, वल्हं मारत. मग खाली मऊ धक्का बसला. डोंगा घाटाच्या पायरीला टेकला आणि तिथंच तळाशी बसला.

लटारू तसाच बसून होता. गळ्यापर्यंत पाणी.

वस्तीतले सर्वांत म्हातारे बापूजी पायरीवर बसले होते. त्यांना दिसायचं कमी, पण या बाबतीत शब्द त्यांचाच चालायचा.

"आला का जवाई?"

"आला," कोणी तरी म्हणालं.

"पान्यात पडला का?"

"नाई. बसला हाये."

"उडी मारली का?"

"नाई. पन बापूजी, डोंगा बुडला."

"कुठी? डोहात?"

"इथी. घाटाले लागून."

बापूजींनी मान हलवली. "बुडला नाई, बुडवला. चैताचं ऊन हाये. मानूस आला की पह्यले डोंगा पान्याखाली घालन, मंग पानी पेन. आपले पोट्टे पाहा, आल्याबरोबर जेवाले पळतात, अन् डोंगा तडकत राह्यते. याले म्हनतात कदर."

चिचघाटच्या पोरांनी माना खाली घातल्या. सुगंधाबाईनं मात्र मान खाली घातली नाही. ती दोन पायऱ्या उतरली आणि जावयाच्या तोंडासमोर वाकून उभी राहिली. जावयाचे ओठ निळे पडले होते.

"थे बरोबर हाये," ती म्हणाली. "पन बसल्या बसल्या काऊन बुडवला, जवाईबापू? उतरून बुडवतात ना?"

लटारूनं तोंड उघडलं. आतून फक्त दातांचा आवाज आला. वर्षभर वाळणाऱ्या मासोळ्या त्याला अगदी समोर दिसल्या.

"तूच तं म्हनली ना माय," मागून कमळा म्हणाली, "डोंगा घाटाले टेकेपर्यंत उतराचं नाई म्हून. टेकला नोयता. आता टेकला. आता उतरतीन."

सुगंधाबाईनं लेकीकडं पाहिलं. मग जावयाकडं पाहिलं. मग म्हणाली, "उतरा मंग."

लटारूला उतरता आलं नाही. कमळानं त्याला काखेत हात घालून उचललं. लोक म्हणाले, किती दिवसांनी भेट झाली, पोरीला राहवलं नाही.

*

डोंग्यात दगड घालून तो तसाच पाण्याखाली ठेवला. लाकूड फुगायला आणि फट मिटायला दिवस लागतात. तोवर जावयाचा पाहुणचार झाला. रोज मासोळी झाली. लटारू रोज पहाटे घाटावर जाऊन पाण्यात डोकावून पाहायचा. लोकांना वाटायचं, डोंग्याची काळजी. तो मनातून म्हणायचा, अजून फुगू नको.

पण एक दिवस फट मिटली. डोंगा वर काढला, उपसला. त्याच्या बुडावर नखांचे पाच लांब ओरखडे होते. पोरं त्यावरून बोटं फिरवून पाहत होती. पलीकडं मनसाराम बंडी घेऊन आला होता आणि दोन अस्वलांचे कान कसे धरले ते गुडघाभर पाण्यात उभं राहून कोणाला तरी सांगत होता.

कमळा समोर बसली, लटारूकडं तोंड करून. वस्तीकडं तिचं तोंड होतं, रेतीकडं पाठ. लटारूनं वल्हं घेतलं. घाट सुटला तसे त्यानं डोळे गच्च मिटले.

"डावीकडून मारा," कमळा ओठ न हलवता म्हणाली. "पानी आत नका टाकू. मांगं लोटा. हां. आता उजवीकडून."

डोंगा जरा आडवा झाला, तसा घाटावरून सुगंधाबाईचा आवाज आला, "अवो, पाहा पाहा! डोळे मिटून डोंगा चालवते माहा जवाई!"

डोंगा हलत होता. खालून पाणी लाकडाला चाटत होतं. तो आवाज लटारूला मिटक्यांसारखा वाटत होता.

"डावीकडून," कमळा म्हणाली. "आता उजवीकडून." मग ती गप्प झाली.

"आता कोनीकडून?"

त्यानं अंदाजानं डावीकडून मारलं.

"कमळे?"

"अवो," ती मान मागं वळवून हळूच म्हणाली, "थ्या रेतीवर अस्वल हाये का जी?"

लटारूनं खाडकन डोळे उघडले. रेतीवर बैल होते, बंडी होती, मनसाराम होता. अस्वल नव्हतं. चारी बाजूंना डोह होता, मधोमध डोंगा होता, आणि त्याच्या हातातलं वल्हं आपोआप पाणी मागं लोटत होतं. कमळानं पदर तोंडात कोंबला होता. तिचे खांदे हलत होते.

"आता मिटू नका," ती म्हणाली.

"मले भेव वाटून राह्यलं."

"वाटू द्या," कमळा म्हणाली. "वल्हं चालवा."

त्यानं वल्हं चालवलं.